शिल्लक निरंक

फेनोबार्बिटोन, साठ मिलीग्रॅम.
एकोणतीस वर्षं मी हे नाव नोंदवहीत लिहिलं,
पुढे तारीख, आकडा, सही नाहीतर अंगठा.
कोहळीटोल्यात तिला म्हणत झोपेची गोळी.
मी दर वेळी दुरुस्त करायचो,
झोपेची नाही, फिटची.
मैनाबाई नैताम म्हणायची,
"पण झोपच तं येते जी."

खरं होतं तिचं.
जुनं औषध, मला शिकवणाऱ्यांच्याही आधीचं.
शहरातले डॉक्टर नवी नावं लिहून देत,
ती आमच्या कपाटापर्यंत पोचत नसत.
ही पोचायची, हजाराच्या डब्यात,
पांढरी, स्वस्त, लाखोळीच्या दाण्याएवढी.

मी पुन्हा पुन्हा तेच सांगायचो.
विहिरीवर एकटी जाऊ नको, बोडीत उतरू नको.
चुलीपासून हातभर मागं बस.
मोहाची एक घोटही नको,
या गोळीवर दारू पडली की माणूस श्वास घ्यायला विसरतं.
दिवस गेले तर आधी इथं ये.
बंद करायची तर विचारून, महिने लावून, हळूहळू,
एका दिवसात कधीच नाही.
आणि जागरण नको.

सगळ्याला ती मान हलवायची,
शेवटच्यापाशी थांबायची.
"मंडईतलं नाटक बी नाही?"
"नाटक बी नाही."

मग तो आषाढ. रोवणीचे दिवस.
जिल्ह्यातून डबा आलाच नाही.
ती अकरा किलोमीटर चालत आली होती,
पोटऱ्यांपर्यंत बांधीचा चिखल.
मी वहीत लिहिलं, शिल्लक निरंक.
आणि तिला म्हटलं,
पुढच्या सोमवारी ये.
इतकंच.
एका दिवसात कधीच नाही
असं तिला पाठ करून घेणारं तोंड
हेच होतं.

पाचव्या दिवशी खाटेवरून आणली.
एक फिट सरत नाही तोवर दुसरी,
मधे शुद्ध नाही.
डावा पंजा चुलीत गेलेला.
डॉक्टरांनी सुई दिली, गाडीला फोन केला,
मी तिला कुशीवर धरून बसलो,
तिच्या तोंडातला फेस माझ्या बाहीला.
ब्रह्मपुरीहून गाडी यायला दोन तास लागले.
माझी बाही तेवढ्यात वाळली.

महिन्याभरानं ती परत आली.
खिडकीत हात ठेवला,
दोन बोटं एकमेकांना चिकटलेली.
मी शिव्यांची वाट पाहत होतो.
ती म्हणाली,
"आज सोमवार होय जी."

तेव्हापासून माझ्या खणात
बिस्किटाचा एक डबा होता,
साठ गोळ्या, कुठल्याच वहीत नसलेल्या.
तपासणीला सापडला असता तर नोकरी गेली असती.
मोजून ठेवायचं औषध आहे ते,
आणि तसंच असायला हवं, हेही मी जाणतो.
तरी निवृत्तीपर्यंत डबा तिथंच राहिला.

त्या वर्षी दिवाळीनंतर ती घरी आली.
केसांत आता काळं काही उरलं नव्हतं.
"आता तं तुमी कंपौंडर नाही,
म्हणून इचारते.
एक नाटक पाहू का?"
दुपारी पोटभर झोप, मी म्हटलं,
गोळी वेळेवर घे,
आणि पहिला अंकच.

सुनेबरोबर आली, पोतं अंथरून पुढेच बसली.
तिसरी घंटा झाली. पडदा गेला.
पेटी, तबला, नायिकेचा माइक फाडणारा हंबरडा,
आणि पहिला अंक अर्ध्यावर असताना
मैनाबाई सुनेच्या खांद्यावर,
तोंड जरासं उघडं,
चिकटलेल्या बोटांचा हात मांडीवर उताणा.

"उठवू का?" सुनेनं विचारलं.
नको म्हटलं.

पहाटे, शाली झटकत माणसं उठली
तेव्हा तिनं डोळे चोळत विचारलं,
"सेवटी का झालं जी?"

मला सांगता आलं नाही.
मी रात्रभर तिकडे पाहिलंच नव्हतं.